ट्रॉलीवरची हळद

८ सप्टेंबर, सोमवार

ही डायरी जानेवारीत एका काचसामानवाल्याने फुकट दिली होती. आमच्या मुलीने, मैत्रेयीने, पहिल्या पानावर किराणा लिहिला आणि मग ती टीव्हीखाली पडून राहिली. आज मी ती बाहेर काढली, कारण आजपासून मी आमच्या लॅबचा सेफ्टी इन्चार्ज आहे. माणसाला पद मिळालं की लगेच लिहावंसं वाटतं, असं माझ्या बायकोचं, संध्याचं म्हणणं. ती हे हसत म्हणाली, म्हणून मी ते कौतुक समजतो.

पद मिळण्याचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. आमची टेस्टिंग लॅब अंबरनाथच्या एमआयडीसीत. रसायनांचं स्टोअर तळमजल्यावर, लॅब तिसऱ्यावर आणि मधे एकच लिफ्ट. स्टोअरचे हेल्पर दौलतराव माझ्याही आधीपासून इथे आहेत. ते बाटल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरतात, क्रेट लिफ्टमध्ये ठेवतात, शेजारी उभे राहतात आणि वर येतात. शनिवारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. क्रेटमध्ये अमोनियाची बाटली होती आणि तिचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. आम्ही बाहेरून दार ओढत होतो आणि आतून नुसता खोकल्याचा आवाज येत होता.

दार उघडलं तेव्हा दौलतराव भिंतीला टेकून बसले होते, डोळे लालभडक. पहिलं वाक्य काय, तर, "साहेब, बाटली फुटली नाय." मी त्यांना बेसिनपाशी नेऊन डोळ्यांवर पाणी मारत राहिलो. आज लॅबचे प्रमुख कमळाकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि रसायनं वर कशी न्यायची हे आता तुम्हीच ठरवा म्हणाले. मी ठरवणार आहे. तो खोकला मला परत ऐकायचा नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

उल्हासनगरला जाऊन ट्रॉलीची ऑर्डर दिली. हरेशभाई नावाचे फॅब्रिकेटर आहेत, लग्नाच्या केटरिंगचे स्टीलचे काउंटर बनवतात. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन कप्पे, चारही बाजूंनी उंच कडा, पुढे साखळी, रबरी चाकं. ते कागद उलटसुलट करून म्हणाले, "साईं, पानीपुरी का स्टॉल है क्या?"

मी समजावलं की बाटली फुटली तरी आतलं सगळं कप्प्यातच राहिलं पाहिजे, जमिनीवर थेंबही नको. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "मतलब थाली नहीं, परात माँगता है." मी इतके दिवस सेफ्टीची पुस्तकं वाचतोय, त्यात इतकं सरळ कुणी लिहिलेलं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ट्रॉली आली. फार सुंदर आहे. हँडलवर हरेशभाईंनी आपल्या मनाने दोन कमळं कोरून दिली आहेत. ती मी मागितली नव्हती, पण आता असू देत.

दुपारी सगळ्यांना लिफ्टसमोर जमवून नवी पद्धत दाखवली. बाटली मानेला धरून उचलायची नाही. ॲसिड एका फेरीत, सॉल्व्हंट दुसऱ्या फेरीत. जड कॅन खालच्या कप्प्यात. साखळी लावायची, 'रसायने आहेत, आत येऊ नये' हा बोर्ड अडकवायचा, बटण दाबायचं आणि स्वतः बाहेर थांबायचं. ट्रॉली एकटी जाईल. लिफ्ट अडकली तरी आत माणूस नसेल. यातलं हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दौलतराव लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आनी मी?"

मी म्हटलं, तुम्ही जिन्याने वर यायचं आणि ट्रॉली काढून घ्यायची. सोपं आहे.

ते जिन्याकडे बघून "बरं" म्हणाले. मला वाटलं होतं थोडा विरोध होईल, पण माणूस समजूतदार आहे. घरी येताना स्कूटरवर शीळ घालत आलो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

समजूतदार हा शब्द मागे घेतो.

ट्रॉली वर पोचते आणि दौलतरावांचा पत्ता नसतो. लिफ्टचं दार उघडतं, कुणी नाही म्हणून मिटतं आणि खालून कुणी बटण दाबलं की ट्रॉली परत खाली. आज हेक्झेनच्या बाटल्यांनी अशा दोन सहली केल्या. तिसऱ्या मजल्यावरची केमिस्ट उमा हातातलं काम सोडून लिफ्टपाशी पळत होती. म्हणाली, "सर, ते येतात हो, जरा वेळ लागतो त्यांना."

वेळ कुठे लागतो ते मी पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर अकाउंट्सच्या दाराशी कठड्याला टेकून उभे होते, गप्पा मारत. मला बघून निघाले, पण इतक्या सावकाश की बघणाऱ्याला झोप यावी. एक एक पायरी, कठडा धरून. हा निषेध आहे, दुसरं काय. लिफ्टची सवय लागलेल्या माणसाला जिना म्हणजे अपमान वाटतो. त्यातून हल्ली ते बाम का काहीतरी लावून येतात आणि सगळ्या स्टोअरमध्ये त्याचा वास दरवळतो. रसायनांच्या स्टोअरमध्ये वेगळे वास नकोत, हेही एकदा सांगायला हवं.

चहाच्या वेळी कापणीचा विषय निघाला. त्यांचं गाव बारवी धरणाकडे, घरचं भात आहे. म्हणाले, औंदा मी बांधावर बसनार, कापतील पोरं. म्हणजे शेतातही टाळाटाळच.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे पाहिलं त्याने डोकं फिरलं आहे.

मी तिसऱ्यावर उभा होतो. लिफ्ट आली, दार उघडलं. आत ट्रॉली, ट्रॉलीला साखळी, साखळीवर बोर्ड. आणि खालच्या कप्प्याच्या कडेवर, सल्फ्युरिक ॲसिडच्या बाटल्यांच्या शेजारी, दौलतराव बसलेले. घरच्या ओटीवर बसावं तसे.

मला बघून उठले, तेसुद्धा हँडल धरून. मी चांगलाच चिडलो होतो. तीन आठवड्यांपूर्वी या माणसाला मी याच लिफ्टमधून ओढून काढलं. ज्याच्यासाठी नियम केला त्यानेच तो असा बसून मोडावा?

मी विचारलं, "दौलतराव, तुम्हाला माझा नियम पटत नाही का?"

"नियम चांगला हाय, साहेब."

"मग?"

"काय नाय. चुकी झाली," म्हणाले आणि बाटल्या काढायला लागले. इतकंच. निदान भांडले तरी असते.

प्रश्न असा आहे की कमळाकर सरांनी स्पष्ट सांगितलंय, नियम मोडणारा हेल्पर दिसला तर मला नाव द्या. दौलतराव कंत्राटावर आहेत आणि ते कंत्राट दर दिवाळीला नवं होतं. मी आज नाव दिलं तर यंदा होणार नाही. नाही दिलं आणि पुन्हा लिफ्ट अडकली तर? मी सरांच्या केबिनपर्यंत गेलो आणि ट्रॉलीच्या चाकाला तेल हवंय असं सांगून परत आलो.

२८ सप्टेंबर, रविवार

संध्याला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. नियमाबद्दल काही न बोलता तिने भलतंच विचारलं, दौलतरावांचं वय काय? मी म्हटलं, साठीला आले असतील. मग विचारलं, दिवसातून ट्रॉलीच्या फेऱ्या किती होतात? मी म्हटलं, बऱ्याच. ती म्हणाली, "आणि प्रत्येक फेरीला ते तीन मजले चढतात. तुम्ही चढून बघितलेत का?"

मी म्हटलं, मुद्दा शिस्तीचा आहे. ती बरं म्हणाली आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेली. बायकांना मुद्दा सोडून बोलायची सवय असते, असं मी इथे लिहितो, कारण हे तिच्यासमोर बोलण्याची माझी हिंमत नाही. नाव उद्या देईन.

२९ सप्टेंबर, सोमवार

दिलं नाही. दसरा होऊन जाऊ दे.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. एमआयडीसीत आज काम कमी आणि झेंडूच जास्त. आमच्याकडेही दरवर्षी तराजू, पंप, जनरेटर सगळ्यांची पूजा होते. मी बौद्ध माणूस. आमच्या घरात पूजा नाही, पण बाकीच्यांनी करायला माझी हरकत नसते. पेढा मी नेहमी घेतो.

पण आज स्टोअरमध्ये गेलो तर दौलतरावांनी माझी ट्रॉली धुऊनपुसून लख्ख केलेली, कमळांच्या हँडलला झेंडूची माळ, आणि स्वतः खाली बसून खालच्या कप्प्याच्या कडेवर ओल्या हळदीने स्वस्तिक काढतायत. एक पाय पुढे लांब सोडलेला. शेजारी उदबत्तीचा पुडा. उदबत्ती, आणि चार हातांवर भडकन पेटणाऱ्या ॲसिटोनचं कपाट. मी धावतच पुढे झालो. उदबत्तीला नाही म्हणत नाही, पण ट्रॉली गेटजवळ मोकळ्यावर न्या, असं सांगितलं. त्यांनी निमूट नेली. मीही ढकलायला लागलो, त्यात माझ्या शर्टाच्या बाहीला हळद लागली.

मला हे सगळं जरा झोंबलं, खरं सांगतो. आधी तिच्यावर बसायचं आणि मग तिची पूजा करायची. टोमणाच मारत होते मला. मी आठवड्यानंतर हळद पुसून टाका म्हणालो. ते म्हणाले, "असू द्या साहेब, चांगली गाडी हाय." पेढा मात्र त्यांनी आधी मला दिला.

घरी संध्याने बाहीच्या डागाला साबण लावला तर डाग लाल झाला. हळदीला साबण लावायचा नसतो हे मीच तिला सांगायला हवं होतं, असं ती म्हणाली. केमिस्ट नवऱ्याचा घरात एवढाच उपयोग.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून सगळे विहारात गेलो. मैत्रेयी खीर वाढायला होती. मन शांत झालं. उद्या सरांना नाव द्यायचं हेही तिथेच ठरवलं, शांतपणे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अजून नीट बसवत नाही, पण लिहितो.

सकाळी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा कॅन वर मागवला होता. मी आणि उमा लिफ्टपाशी उभे. दार उघडलं, ट्रॉली एकटी आली. मला बरं वाटलं. उमाने ती बाहेर ओढली आणि माझी नजर खालच्या कप्प्याच्या कडेवर गेली. परवाचं स्वस्तिक अर्धं लाल झालेलं, लाल ओघळ आतपर्यंत गेलेले.

मला वाटलं, यांनी आज पुन्हा कुंकू वाहिलं. आता मात्र हद्द झाली. मी खिशातून रुमाल काढला आणि पुसायला वाकलो.

उमा म्हणाली, "सर, थांबा. कुंकू नव्हतंच. परवा करंडा सापडला नाही म्हणून त्यांनी नुसती हळद लावली होती."

माझा हात तिथेच थांबला, कडेपासून वीतभरही लांब नसेल. शर्टाची बाही आठवली. हळदीला लाल करतो साबण, सोडा, चुना. आणि त्या कप्प्यात कातडी जाळणाऱ्या कॉस्टिकचा कॅन.

हातमोजे घालून बघितलं. कॅनच्या बुडाशी केसाएवढी चीर. द्रावण पाण्यासारखंच दिसतं, स्टीलवर तर मुळीच कळत नाही. उंच कडांमुळे बाहेर थेंब नव्हता, सगळं परातीत राहिलं होतं. कॅन दुसऱ्या बादलीत ठेवला, बाकीचं टिपून घेतलं, भरपूर पाण्याने धुतलं. हे सगळं नीट झालं, त्याबद्दल मला समाधान आहे. पण मग माझ्या लक्षात आलं की ते लाल झालेलं स्वस्तिक नेमकं त्या जागी आहे जिथे त्या दिवशी दौलतराव बसले होते.

तेवढ्यात ते जिन्यावरून आले, कठडा धरून, धापा टाकत. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "आज तुम्ही बसला नाहीत ट्रॉलीवर?"

ते माझ्याकडे असं बघायला लागले जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोललोय. "पूजा केलीय ना साहेब तिची. आता तिच्यावर बूड कसं टेकवू?"

माझा नियम, माझा बोर्ड, माझी साखळी, कशालाच हा माणूस बधला नव्हता. हळदीला बधला.

मग मी तो प्रश्न विचारला ज्याच्याकडे संध्या पाच दिवसांपूर्वीच मला नेत होती, फक्त उशिरा. बसायचं कशासाठी? त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघा सुजून नारळाएवढा झालेला, त्यावर बामाचा थर. "लिफ्ट होती तवर निभत होतं," म्हणाले. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हनला असता, मग घरी बसा."

मी तसं म्हटलं असतं का? म्हटलं असतं. हे लिहिताना लाज वाटते आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. चीर, हळद, गुडघा आणि ते ट्रॉलीवर बसले होते तेही. लपवून काही सांगायचं नव्हतं मला. पुढे म्हटलं, माणूस लिफ्टमध्ये नको हे बरोबर आहे, पण पाठवणाऱ्यानेच वर पळत जाऊन घ्यायचं हा भाग मी चुकीचा ठरवला. खाली एक माणूस पाहिजे, वर एक. खालच्याने पाठवायचं, वरच्याने घ्यायचं. खालचा माणूस दौलतराव.

सर म्हणाले, "म्हणजे नियम मोडला म्हणून खुर्ची द्यायची?"

मी म्हटलं, सर, आपण एकदा जिन्याने फेरी मारून येऊ. ते आले. दुसऱ्या मजल्यावर त्यांना एक महत्त्वाचा फोन आला, म्हणून आम्ही अकाउंट्सच्या दाराशी कठड्याला टेकून थांबलो. फोनची रिंग काही मला ऐकू आली नाही. वर पोचल्यावर त्यांनी पाणी मागवलं आणि ग्लास रिकामा करून म्हणाले, "वर कोण थांबणार?"

मी आणि उमा, आळीपाळीने, असं सांगितलं. कंत्राटाचं विचारलं तेव्हा म्हणाले, दिवाळीत होईल की, दरवर्षी होतं तसं.

मी जिन्याने खाली आलो, दौलतरावांना सांगायला. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि बाटल्यांची झाकणं तपासायला लागले. एकच झाकण त्यांनी तीन वेळा तपासलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कॅनच्या पुरवठादाराशी भांडलो, ती बॅच परत गेली. हळदीचं काय करायचं यावर चर्चा झाली. मी म्हटलं, ही श्रद्धा नाही, हे सूचक आहे, कॉस्टिक गळलं तर कळतं, म्हणून ती राहील. पण स्वस्तिक नको, कडेने सरळ पट्टा ओढा. दौलतराव म्हणाले, पट्टा तर पट्टा. आठवड्याला ताजा ओढायचा.

संध्याने घरची हळद छोट्या डबीत भरून दिली आणि शेजारी गुडघ्यासाठी तेलाची बाटलीही ठेवली. मी म्हटलं, माझे गुडघे ठीक आहेत. तिने कपाळाला हात लावला. मैत्रेयी म्हणते, पप्पा दर सोमवारी लॅबमध्ये हळद नेणार, आता फक्त कुंकू राहिलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नव्या पद्धतीचा पहिला दिवस. तळमजल्यावर लिफ्टशेजारी खुर्ची ठेवली आहे. दौलतरावांनी तिच्यावर घरून आणलेली गोधडी घडी करून टाकली आणि पाय स्टुलावर ठेवला. सकाळी हळदीचा पट्टा ओढला, मी डबी धरून उभा होतो. पट्ट्याच्या टोकाला त्यांनी बोट टेकवून एक छोटा गोल ठिपका काढला. तो मी पाहिला नाही असं दाखवलं.

दुपारी कॉस्टिकची फेरी होती आणि माझी वरची पाळी. फोन वाजला.

"साहेब, निघाली. एकटीच हाय."

मी लिफ्टसमोर उभा राहिलो. दुसऱ्या मजल्यावर ती थांबल्याचा आवाज आला, दार उघडलं, अकाउंट्सवाल्यांपैकी कुणीतरी, "थांब रे, दौलतरावांची गाडी आहे, जाऊ दे," म्हणालं आणि दार मिटलं. ट्रॉलीच्या फेऱ्यांचा हिशेब माझ्या नावावर आहे, पण नाव त्यांचं पडलंय. पडू दे.

दार उघडलं. मी गुडघे वाकवून खालच्या कप्प्याची कड पाहिली आणि फोनवर त्यांना सांगितलं. हळद पिवळी होती.